ज्याची त्याची चाळणी

या शनिवारचा विषय ऐकायला अगदीच रुक्ष आहे: मेल सर्व्हरवर प्रत्येक माणसासाठी स्पॅमची वेगळी चाळणी कशी आली? पण लगेच खिडकी बंद करू नका. वरवर बघता हा सेटिंगचा प्रश्न दिसतो. जरा खोलात गेलं की तो "नको असलेलं म्हणजे काय, आणि ते ठरवणार कोण?" असा होतो. आणि या प्रश्नाचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याच वेळा बदललंय.

आमच्या जळगावचंच उदाहरण घेऊ. समजा एकाच मेल सर्व्हरवर चार जणांची खाती आहेत. एक सराफ. त्याच्या पत्रांत 'गोल्ड', 'रेट', 'आजचा भाव' हे शब्द रोजचेच. दुसरा रावेरकडचा केळीचा व्यापारी. त्याला कोटेशन येतात, डॉलरमधले भाव येतात, कंटेनरच्या ऑफर येतात. तिसरा औषधांचा होलसेल डीलर. व्हायग्रा हा शब्द बघून तुम्ही-आम्ही मेल उडवतो, त्याच्यासाठी ती बिलातली एक ओळ आहे. चौथ्या पिंप्राळ्यातल्या शाळेतल्या बाई. त्यांच्यासाठी वरच्या तिघांची सगळी पत्रं म्हणजे शुद्ध कचरा. आता सांगा, या चौघांना एकच चाळणी कशी पुरणार? घरात पिठाची चाळणी वेगळी आणि गव्हाची वेगळी असते. गव्हाच्या चाळणीने पीठ चाळलं तर सगळंच खाली पडतं, आणि पिठाच्या चाळणीत गहू टाकले तर एकही दाणा खाली पडत नाही.

पिंप्राळ्याचं रेल्वे गेट ज्यांनी अनुभवलंय त्यांना मुद्दा लगेच कळेल. गेट पडलं की ते सगळ्यांसाठीच पडतं. बैलगाडी असो, कॉलेजची पोरं असोत, नाहीतर पेशंट घेऊन निघालेली रिक्षा. सुरुवातीचे स्पॅम फिल्टर हे असेच होते.

सुरुवात: यंत्राने ठरवायचं

नको असलेल्या पत्रांवरचं पहिलं गंभीर टिपण स्पॅम हा शब्द रूढ व्हायच्या खूप आधीचं आहे. नोव्हेंबर १९७५ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आर्पानेटसाठी ७०६ क्रमांकाचं आरएफसी लिहिलं. विषय: जंक मेलची समस्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. एखादं यंत्र बिघडून किंवा खोडसाळपणे संदेशांचा मारा करायला लागलं, तर घेणाऱ्या यंत्राकडे "तुझ्याकडून नको" असं सांगायची सोयच नाही. लक्षात घ्या, इथे नाही म्हणणारं यंत्र आहे. माणूस अजून चित्रात नाही.

तीनच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थुएर्क यांनी आपल्या नव्या मशीनची जाहिरात आर्पानेटवरच्या सुमारे ४०० लोकांना एकगठ्ठा पाठवली. आज तिला पहिलं स्पॅम म्हणतात. बोंबाबोंब झाली, समज देण्यात आली आणि विषय मिटला. तेव्हा जग लहान होतं, सगळे एकमेकांना ओळखत होते. गावात कोणी आगाऊपणा केला तर पारावर चार शब्द सुनावले की भागतं, तसं.

माणसाचा विचार आला तो १९८२ मध्ये. एसीएम या संगणक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर डेनिंग यांनी मार्चच्या अंकात 'इलेक्ट्रॉनिक जंक' नावाचं पत्र लिहिलं. आपण पत्रं तयार करणं सोपं करण्यामागे लागलोय, पण ती घेणाऱ्याचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. उपाय म्हणून त्यांनी वेगवेगळ्या कामांसाठी वेगळ्या पेट्या, मजकूर बघून गाळणी असे पर्याय मांडले. १९८७ मध्ये एमआयटीच्या टॉमस मलोन आणि सहकाऱ्यांनी 'इन्फर्मेशन लेन्स' ही प्रणाली मांडली. तिच्यात साध्या माणसाने स्वतःचे "असं असेल तर तसं कर" नियम लिहायचे होते.

युनिक्सच्या जगात हे प्रत्यक्षात आणलं १९९० मध्ये आलेल्या प्रॉकमेलने. स्टीफन व्हान डेन बर्ग यांचा हा प्रोग्राम. तुमच्या होम डिरेक्टरीत एक छोटी फाईल, तीत तुमचे नियम. सर्व्हर एकच, पण प्रत्येकाची फाईल वेगळी. म्हणजे पर-यूजर स्पॅम सेटिंग ही कल्पना स्पॅमचा पूर यायच्या आधीच तयार होती! अट एवढीच, की तुम्हाला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिता यायला हवं. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांचा पत्ता कट.

पूर आणि मोठं गेट

१२ एप्रिल १९९४ रोजी कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो यूजनेट गटांवर टाकली, आणि नंतर माफी मागायचं सोडून त्यावर पुस्तक लिहिलं. पारावरच्या चार शब्दांचा काळ तिथे संपला. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल सुरू झालं. म्हणजे आपण नेटवर आलो ते पूर सुरू झाल्यावरच.

मग आली मोठी गेटं. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांची आरबीएल, म्हणजे बदनाम सर्व्हरांची काळी यादी. यादीत नाव असलं की त्या सर्व्हरवरून येणारं प्रत्येक पत्र परत. काम फर्मास व्हायचं, पण सुक्याबरोबर ओलंही जळायचं. एका भामट्यामुळे त्याच सर्व्हरवरचे हजार सज्जन अडकायचे.

हे नुसतं तांत्रिक दुखणं नव्हतं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली, २००६ साली पुण्याच्या एका मुलाखतीच्या पत्राची वाट बघत होती. पत्र कॉलेजने दिलेल्या मेल खात्यावर येणार होतं. आलंच नाही. तारीख उलटून गेल्यावर तिकडून फोन, "तुम्ही आला का नाहीत?" शोध घेतल्यावर कळलं, की त्या सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकच चाळणी होती आणि ठरावीक गुणांच्या वरचं पत्र थेट नष्ट व्हायचं. जंक फोल्डर नाही, सूचना नाही, काही नाही. पगाराचा आकडा, अभिनंदन, 'त्वरित संपर्क साधा', सगळंच त्या पत्रात होतं. बिचारं पत्र चांगलं होतं म्हणून मेलं! तिचे आबा मला म्हणाले, "काय भो, पोस्टमनने पत्र फाडलं तर त्याची नोकरी जाते. इथे कोणाची गेली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पाच गुणांची परीक्षा

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. १९९७ मध्ये मार्क जेफ्टोविक यांनी स्पॅम गाळायची एक छोटी पर्ल स्क्रिप्ट लिहिली होती. जस्टिन मेसन यांनी ती नव्याने लिहून एप्रिल २००१ मध्ये सोर्सफोर्जवर टाकली. तिचं नाव स्पॅम-असॅसिन. २००४ मध्ये ती अपाचे संस्थेच्या छत्राखाली आली.

तिची पद्धत आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखी, फक्त उलटी. इथे जास्त गुण मिळाले की नापास! शेकडो नियम, प्रत्येकाला गुण. विषय सगळा मोठ्या अक्षरांत? थोडे गुण. पाठवणारा काळ्या यादीत? आणखी गुण. ओळखीच्या पत्त्यावरून आलंय? उणे गुण. बेरीज ५ झाली की स्पॅम. आणि हा ५ चा आकडा प्रत्येक माणसाला स्वतःपुरता बदलता येतो. होम डिरेक्टरीतल्या 'यूजर-प्रेफ्स' फाईलमध्ये एक ओळ लिहायची. आमच्या सराफाने ८ ठेवावा, बाईंनी ४. शिवाय प्रत्येकाची स्वतःची गोरी यादी आणि काळी यादी. (२०२२ च्या ४.० आवृत्तीपासून या याद्यांची नावं बदलून 'वेलकम' आणि 'ब्लॉक' अशी झाली. बरंच झालं.) एखादा नियम आपल्याला जाचत असेल तर त्याचे गुण शून्य करायचे. औषधवाल्याने औषधांच्या नावांचे नियम शून्य केले की तो सुखी.

पुढची अडचण लवकरच आली. २००० नंतर मेल होस्टिंगवाल्यांकडे दहा हजार खाती असायची, पण ती खरी युनिक्स खाती नव्हती, डेटाबेसमधल्या नुसत्या ओळी होत्या. होम डिरेक्टरीच नाही तर फाईल ठेवणार कुठे? म्हणून सेटिंगही डेटाबेसमध्ये गेली. एक साधं टेबल: यूजरचं नाव, सेटिंगचं नाव, किंमत. त्यात एक खास यूजर, '@ग्लोबल'. त्याच्या नावावर सगळ्यांसाठीची सेटिंग. सर्व्हर आधी ती वाचतो, मग त्या माणसाची. माणसाने काही लिहिलं असेल तर त्याचं खरं, नाहीतर सगळ्यांचं. वेबमेलमध्ये एक पान जोडलं की आमच्या बाईसुद्धा आकडा बदलू शकतात, रेग्युलर एक्स्प्रेशनचा 'र' माहीत नसताना.

पण एक दार मुद्दाम बंद ठेवलंय. यूजरला गुण बदलता येतात, स्वतःचे नवे नियम लिहायला मात्र डीफॉल्टने परवानगी नसते. कारण उघड आहे. एकाने वाकडातिकडा पॅटर्न लिहिला तर अख्खा सर्व्हर धापा टाकेल. आपल्या वावरात काय पेरायचं ते तुम्ही ठरवा, पण पाटाचं पाणी अडवू नका, असा हा हिशोब.

हाच विचार 'सीव्ह' या भाषेत दिसतो. सीव्ह म्हणजे शब्दशः चाळणी. जानेवारी २००१ मध्ये टिम शोवॉल्टर यांनी तिचं आरएफसी लिहिलं. या भाषेत लूपच नाही! मुद्दाम ठेवलेला नाही. परक्या माणसाचा प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर चालवायचा, तर तो कधीतरी थांबलाच पाहिजे.

बेझबुवा आणि पिंप्राळ्याचे तीन तुकडे

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी 'अ प्लॅन फॉर स्पॅम' हा निबंध लिहिला आणि वारं फिरलं. नियम माणसाने लिहायचेच नाहीत. चांगली पत्रं आणि वाईट पत्रं दाखवा, कुठला शब्द कुठे जास्त येतो ते मोजा, आणि अठराव्या शतकातल्या रेव्हरंड थॉमस बेझ यांचं गणित लावा. कल्पना अगदीच नवी नव्हती, १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि मंडळींनी असा शोधनिबंध लिहिला होता. पण ग्रॅहमनी एक गोष्ट ठासून सांगितली: हे मोजमाप प्रत्येकाचं स्वतःचं हवं. त्यात दुहेरी फायदा. सराफाच्या चाळणीत 'गोल्ड' निर्दोष ठरतो, आणि स्पॅमवाल्याला प्रत्येकाची चाळणी वेगळी असल्याने एकच युक्ती सगळ्यांवर चालवता येत नाही. स्पॅम-असॅसिनमध्येही हे आलं. २०० चांगली आणि २०० वाईट पत्रं शिकल्याशिवाय मात्र ते तोंड उघडत नाही. आपल्याकडे दोनशे पत्रं शिकवायचा धीर कोणाला असतो ते सोडा.

आता आपल्या मराठीचं काय? इथे गंमत आहे. स्पॅम-असॅसिनमध्ये "मला कुठल्या भाषांतली पत्रं चालतात" ही सेटिंग आहे, आणि भाषा ओळखणाऱ्या त्यांच्या यादीत मराठी आहे! हिंदी, संस्कृत, नेपाळीही आहेत. पण त्याच्या शेजारीच "कुठल्या लिप्यांचे कॅरॅक्टर सेट चालतात" अशी दुसरी सेटिंग आहे, तिच्यात इंग्रजी, जपानी, कोरियन, रशियन, थाई, चिनी. देवनागरी नाही.

खरी मजा शब्द तोडताना. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'पिंप्राळा' या शब्दात ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. जुन्या आवृत्त्यांतला बेझचा भाग पश्चिम युरोपातली अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता. ज्या बाइट त्या अक्षरांत बसत नाहीत तिथे तो मोकळी जागा समजायचा. अनुस्वाराची शेवटची बाइट बसत नाही, हलन्ताचीही नाही. परिणाम? पिंप्राळ्याचे तीन तुकडे: 'पि', 'प' आणि 'राळा', आणि पहिल्या दोघांच्या शेपटीला लटकलेल्या अर्धवट बाइट. जळगावचंही भलं झालं नाही, कारण 'ज' आणि 'ग' दोन्ही तुटायचे.

म्हणजे मराठी शिकतच नव्हता का? शिकायचा, पण तुकड्यांतून. आणि इथेच पर-यूजर चाळणीचं मोल कळतं. सगळ्या सर्व्हरची मिळून एकच स्मरणवही असेल तर तिच्यात इंग्रजीचा डोंगर आणि मराठीचे चार खडे. पण बाईंची वही वेगळी असेल, तर तिच्यात मराठी पत्रं म्हणजे पालकांची, शाळेची, नातेवाइकांची. हे तुकडे दिसले की पत्र चांगलंच, हे वही पटकन शिकते. ज्यांची भाषा सर्व्हर बनवणाऱ्यांच्या डोक्यात नव्हती, त्यांना स्वतःची वही हा एकच आधार होता. डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीत जगभरच्या लिप्यांसाठी ही बाजू नीट सुधारली. पहिल्या आवृत्तीनंतर एकवीस वर्षांनी.

एक पाकीट, पाच नावं

आता खरी मेख. पर-यूजर चाळणी करायची म्हटली की आडवा येतो तो खुद्द मेलचा प्रोटोकॉल. एसएमटीपीमध्ये (१९८२ चं आरएफसी ८२१) एकच पत्र पाच जणांना पाठवायचं असेल तर पाच नावं सांगून मजकूर एकदाच पाठवतात. मजकूर संपला की घेणारा सर्व्हर एकच उत्तर देतो: घेतलं किंवा नाही घेतलं. सराफाला हवंय आणि बाईंना नकोय, तर काय उत्तर द्यायचं? "अर्धं घेतलं" असं उत्तरच नाही!

पर्याय तीन. पहिला, दुसऱ्या नावाला "थोड्या वेळाने या" म्हणून प्रत्येकाचं पत्र वेगळं मागवायचं; त्यात सगळ्यांची पत्रं रखडतात. दुसरा, आधी सगळं घ्यायचं आणि नंतर बाईंच्या वतीने परत पाठवायचं. पण स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, म्हणजे परतीचं पत्र भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतं. तिसरा, सगळं घ्यायचं, आत आल्यावर प्रत्येकासाठी वेगळं चाळायचं, आणि नको ते बाजूच्या पेटीत ठेवायचं. आतल्या वाटपासाठी १९९६ मध्ये एलएमटीपी हा चुलतभाऊ प्रोटोकॉल आला. तो प्रत्येक नावासाठी वेगळं उत्तर देतो.

तुमच्या-आमच्या मेलमधला 'जंक' फोल्डर अस्तित्वात आहे त्यामागे ही एका उत्तराची अडचण मोठं कारण आहे, असं मला वाटतं. आणि तो फोल्डर म्हणजे फार माणुसकीची सोय आहे. पत्र फाडलेलं नाही, बाजूला ठेवलंय. आबांच्या प्रश्नाला तेवढाच दिलासा.

जाता जाता: स्लोव्हेनियाच्या मार्क मार्टिनेक यांच्या 'अमाविसडी-न्यू' या प्रोग्राममध्ये प्रत्येक यूजरच्या धोरणात एक रकाना आहे, 'स्पॅम लव्हर'. म्हणजे "याला सगळं येऊ द्या, याचं स्पॅमवर प्रेम आहे." :-)

१९०९ आणि कायदा

आपल्या सरकारने हीच कल्पना फोनवर आणली. ट्रायच्या नियमांनुसार २७ सप्टेंबर २०११ पासून १९०९ वर एसएमएस करून आपली पसंती नोंदवता येऊ लागली. सगळं बंद करा, किंवा फक्त काही विषय चालू ठेवा: बँकिंग, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य वगैरे सात प्रकार. ही पर-यूजर सेटिंगच आहे, देशभरासाठी! २०१८ च्या नव्या नियमांत तर दिवस आणि वेळही निवडायची सोय आली. पण नोंदणी न केलेले दहा आकडी नंबर वापरून फोन करणारे ही यादी बघतच नाहीत, हे तुम्ही रोज दुपारी जेवणाच्या वेळी अनुभवता.

ई-मेलसाठी मात्र वेगळा कायदा आपल्याकडे झाला नाही. अमेरिकेने २००३ मध्ये 'कॅन-स्पॅम' केला. आपल्याकडे आयटी कायद्यात ६६-अ कलम आलं, त्यात त्रास देणाऱ्या किंवा पाठवणारा लपवणाऱ्या ई-मेलचा उल्लेख होता. पण 'त्रास' म्हणजे काय हे पोलिसांनी ठरवायचं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून याच कलमाखाली अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. बघा, गंमत नाही ही. "नकोसं काय ते सगळ्यांसाठी एकाने ठरवायचं" ही चूक सर्व्हरवर झाली तर मुलाखत हुकते. कायद्यात झाली तर माणूस आत जातो.

आता चाळणी कोणाच्या हातात?

आज बहुतेकांची पत्रं दोन-तीन मोठ्या कंपन्यांकडे आहेत. जीमेलमध्ये "हे स्पॅम आहे" आणि "हे स्पॅम नाही" अशी बटणं आहेत, पण ५ चा ८ करायची कळ नाही. चाळणी तुमच्याकडे बघून शिकते, पण भोकं किती मोठी ते तुम्हाला सांगत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहूने जीमेल-याहूच्या खात्यांवर मोठ्या संख्येने पत्रं पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या: सही नीट हवी, एका क्लिकमध्ये नाव काढता आलं पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. अटी चांगल्या आहेत, स्पॅम खरंच कमी दिसतं. पण पोस्टेलच्या १९७५ च्या यंत्राकडून माणसाकडे आलेला अधिकार पुन्हा यंत्राकडे चाललाय, फक्त यंत्र मोठं झालंय.

म्हणून तुमच्या संस्थेत, पतपेढीत, शाळेत अजून स्वतःचा मेल सर्व्हर असेल, तर तो सांभाळणाऱ्या भाऊला तीन गोष्टी विचारा. स्पॅम नष्ट होतं की बाजूला ठेवलं जातं? मला माझा आकडा बदलता येतो का? आणि माझ्या चाळणीला मराठी कळते का? तिन्हींची उत्तरं त्याच्या हातात आहेत, प्रोग्राम फुकट आहे, टेबल तीन रकान्यांचं आहे. एखादा रविवार सकाळ लागेल फार तर. कोणाची तरी मुलाखत हुकणार नाही.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.